अंगठ्याखालचे तीन शब्द

ता. सेलू, जि. परभणी
२९ जानेवारी २०२५

चि. सौ. पंकजास,

अक्काचा आशीर्वाद. घ्यायचा की नाही ते तू ठरव. तू फोन उचलत नाहीस म्हणून पोस्टाने लिहिते आहे. पाकीट न उघडता परत पाठवायचं तरी तुला पोस्टात जावं लागेल, आणि तेवढा वेळ तुझ्याकडे नाही हे मला ठाऊक आहे.

आपल्या रामहरीचा खोकला उतरला. हरभऱ्याला घाटे धरले. त्याच्या लेकीने, भक्तीने, वक्तृत्वात पहिला नंबर काढला. घराण्यात आणखी एक भांडकुदळ तयार झाली.

तुझा निरोप पोचला. "अक्काला सांग, भाषणानं माझ्या अकरा बायांच्या चुली पेटत न्हाईत." रामहरीने तो जसाच्या तसा सांगितला, वर हसलाही. निरोप खरा आहे. तरी सव्वीस जानेवारीच्या ग्रामसभेत मी जे बोलले, त्यातला एक शब्द मागे घेत नाही.

तुझ्यापर्यंत सगळं तिखटमीठ लावून आलं असेल, म्हणून सरळ ऐक. रामहरीचा कापूस जिनिंगवरून परत आला. तिथल्या माणसाने गाडीत हात घातला आणि मूठभर पुड्या बाहेर काढल्या. तुझ्या अकराजणी भरतात, त्या तुझ्या क्रीमच्या. वेचणीची बाई उन्हात उतरताना क्रीम लावते, पुडीचा कोपरा दातांनी तोडते आणि रिकामी पुडी कमरेच्या ओटीत खोचते. त्याच ओटीत दिवसभर कापूस पडतो. रानात कचरा टाकू नका, असं त्यांना मीच वर्षानुवर्षं शिकवलं. त्यांनी ऐकलं, बघ.

चार दिवस अंगणात बसून कापूस निवडला. पुड्या सापडतात, दातांनी तोडलेले कोपरे सापडत नाहीत. जिनात गेले की त्यांचे केसासारखे धागे होतात, त्यांवर रंग चढत नाही, कापड वाया जातं. निवडलेला ढीग भंगारवाल्यापुढे ठेवला. तो म्हणाला, "बाटली द्या, डबडं द्या. ह्याला कुनी बी घेत न्हाई, बाई." कसं घेतील? प्लास्टिक, त्यावर चमकी, त्यावर पुन्हा प्लास्टिक. थर सुटे होत नाहीत. जाळलं तर धूर आपल्याच छातीत. पुरलं तर भक्तीच्या नातवंडांच्या नांगराला लागेल. चेहऱ्यावर दोन तास टिकणाऱ्या क्रीमला पिढ्यान्‌पिढ्या टिकणारं पाकीट! हा कुठला न्याय?

हे सगळं मी पुडी उंच धरून बोलले. टाळ्या पडल्या. गावात पुडीबंदीचा ठराव पुढे आला, हात वर जाऊ लागले. तेवढ्यात मागून चांगुणाबाई उठली. आपल्याच रानात तीस वर्षं वेचणारी, तीच.

"मास्तरीणबाई, लय ग्वाड बोलल्या. पर आंगठा बाजूला घ्या की. खाली काय लिवलंय?"

"मावशे, तुला कुठं वाचता येतंय?" कुणीतरी टोमणा मारला. बाया हसल्या.

"मला न्हाई येत. पर बाई सगळी पुडी दाखवायल्यात आन् तेवढंच झाकायल्यात, हे दिसतंय की मला!"

पंकू, मी अंगठा काढला नाही. "जाहिरात आहे, दुसरं काय," म्हणाले आणि खाली बसले. ठराव मंजूर झाला.

भर सभेत पुढाऱ्याला खाली बसवलेली बाई मी. पण 'फाडा, लावा, उजळा' हे कुणी लिहिलं, तेवढं सांगायला माझी जीभ उचलली नाही. तीन वर्षांपूर्वी तुझ्या ओसरीवर, पहिलं सीलिंग मशीन आलं त्या दिवशी, मीच लिहिलं. केवढी मिरवले होते! उजळल्यावर पुडीचं काय करायचं, तो चौथा शब्द आपल्या दोघींनाही सुचला नाही. आणि सभेत सगळा दोष तुझ्या एकटीच्या नावावर गेला. तुझा राग त्याचा असेल तर तो रास्त आहे. ठरावाचा असेल तर खुशाल धरून बस. ठराव मी मोडू देणार नाही.

रथसप्तमीला, येत्या मंगळवारी, शाळेच्या पटांगणात हळदीकुंकू ठेवलं आहे. वाण म्हणून प्रत्येकीला झाकणाची रिकामी स्टीलची डबी. त्याआधी तीच पुडी हातात धरून, अंगठा काढून, तिन्ही शब्द मोठ्याने वाचणार आहे आणि पुढे माझं नाव सांगणार आहे. चांगुणाबाईला पहिल्या रांगेत बसायला सांगितलं आहे.

क्रीम वाईट नाही, पुडी वाईट आहे. बायांनी नटू नये असं मी कधी म्हटलं नाही, म्हणणारही नाही. मोठ्या डब्यात क्रीम भरून आण, अकराजणींना घेऊन ये. मशीन थांबेल, पण गावोगाव मापाने डब्या भरून द्यायलाही हात लागतातच. तू आलीस तर डब्या भरून घरी जातील. नाही आलीस तर रिकाम्याच वाटीन, आणि त्या का रिकाम्या आहेत तेही सांगेन. त्यात तुझं नाव येणार नाही. या वेळी फक्त माझं.

उत्तर लिहू नकोस. मंगळवारी तुझ्या मानवतची गाडी फाट्यावर थांबेल, तेव्हा मी तिथे उभी असेन.

ते तीन शब्द लिहिणारी,
तुझी अक्का
कोकिळा