प्राप्त झाल्याची नोंद

९ सप्टेंबर
कॉलेजांच्या संघटनेच्या नियम समितीवर माझी नेमणूक झाली. राज्यातल्या सतरा कम्युनिटी कॉलेजांतून एकेक सभासद, विलो फोर्क कॉलेजातून मी. समित्यांचा मला पहिल्यापासून तिटकारा आहे. हे आधीच लिहून ठेवतो, म्हणजे लाइल हेंडरशॉट हौसेनं गेला असं पुढे कोणी (म्हणजे मीच) म्हणायला नको. जायचं कारण एकच, इव्हॉन.

इव्हॉन टॅकेट आमच्याकडे अकरा वर्षं निबंधलेखन शिकवते, अर्धवेळ. आणखी दोन कॉलेजांत शिकवते, तिथेही अर्धवेळ. तीन अर्धे मिळून दीड व्हायला हवेत. कॉलेजांच्या गणितात एकही होत नाही. गेल्या महिन्यात तिचे दोन वर्ग सत्र सुरू व्हायच्या दोन दिवस आधी रद्द केले. ई-मेलनं. तिचं मागणं एवढंच आहे की वर्ग रद्द करायचा तर तीस दिवस आधी कळवा. एप्रिलच्या सर्वसाधारण सभेत संघटनेनं तसा नियम केला, तर पुढच्या सत्रापासून सतराही कॉलेजांना तो पाळावा लागेल.

मी तिला शब्द दिला. ती म्हणाली, "एप्रिलपर्यंत थांबते. डेंटिस्टकडे काउंटरवर जागा आहे, तो म्हणतोय ये. पण मला शिकवायचंय रे."

संकल्प: मुद्द्याचं तेवढंच बोलायचं. पद्धतीच्या चिखलात पाय घालायचा नाही. तिथले मफिन खायचे नाहीत.

१० ऑक्टोबर
पहिली बैठक. हायवेलगतचं हॉटेल, सगळ्यांना मध्यावर पडावं म्हणून निवडलेलं, त्यामुळे सगळ्यांनाच लांब. गालिच्याची नक्षी अशी की कोणी त्यावर ओकलं तरी हॉटेलला कळू नये. कॉफीला ओल्या पुठ्ठ्याचा वास. मागच्या बैठकीचं इतिवृत्त मंजूर करायला पन्नास मिनिटं. त्यातली वीस मिनिटं, मागच्या वेळी जेवण झालं होतं की अल्पोपाहार, यावर. शिसारी आली.

अध्यक्ष डॉ. मार्जोरी क्विलेन, उत्तरेकडच्या एका कॉलेजच्या प्रमुख. लाकडी हातोडी स्वतःची, घरून मखमली पिशवीत घालून आणतात. माझ्या शेजारी ड्वेन स्टबी, डिझेल इंजिनं शिकवतो. मफिन संपल्यावर कागद चाटतो. मी बघतोय हे पाहून म्हणाला, "नवीन का तू? दोन-तीन बैठका जड जातात. मग बधिर होतं."

इतिवृत्तातल्या दोन चुका मी दाखवल्या. दाखवणं भागच होतं. चुकीची नोंद पुढे पन्नास वर्षं चुकीची राहते. त्यात वेळ संपला आणि इव्हॉनचा विषय राहिला. अर्धं मफिन खाल्लं.

घरी कार्लानं विचारलं, "काय ठरलं मग?" म्हटलं, पुढची तारीख. ती हसत बसली. बायकोनं इतकं हसू नये.

२४ ऑक्टोबर
इव्हॉन पार्किंगमध्ये भेटली. गाडीच्या बॉनेटवर निबंध तपासत होती. "काही हललं का?" म्हणाली. मी म्हटलं, वातावरण अनुकूल आहे. नंतर विचार केला, हे खोटं होतं का? वातावरण प्रतिकूल तर नव्हतं. कारण विषयच निघाला नव्हता.

१४ नोव्हेंबर
विषय मांडला! दोन मिनिटांत, ठरवल्याप्रमाणे. कोणी विरोध केला नाही. पोटसमिती नेमली: अध्यक्ष मी, सभासद ड्वेन. समिती म्हटलं की मला किळस येते, पण पोटसमितीची गोष्ट वेगळी. छोटी असते, कामाची असते, आणि अध्यक्ष मी आहे.

११ डिसेंबर
पोटसमितीची बैठक, ड्वेनच्या कार्यशाळेत, दोन सुट्या गिअरबॉक्सच्या मध्ये बसून. प्रश्न एकच उरला: "कॉलेजानं पूर्वसूचना द्यावी", "कॉलेज पूर्वसूचना देईल", की "कॉलेजानं पूर्वसूचना देणं बंधनकारक राहील". "द्यावी"त विनवणी आहे. "देईल"मध्ये भविष्यकथन. "बंधनकारक" म्हटलं की वकील जागे होतात. चार तास. ड्वेन मध्ये उठून एक अख्खं इंजिन उघडून आला. म्हणाला, "बाबा रे, हिचे वर्ग या तीन शब्दांपैकी कुठल्या शब्दानं वाचतात ते सांग, मी त्याला बोल्ट मारतो."

वरवरचा माणूस. शेवटी "देईल" ठेवलं. तळटीप जोडली.

१६ जानेवारी, दुपारी ४:१०
आजचं नीट लिहायला हवं.

सकाळपासून बर्फ. सतरापैकी नऊ जण पोचले. कोरम, म्हणजे किमान हजेरी, नऊचीच. इव्हॉनचा ठराव मताला टाकला: सहा बाजूनं, दोन विरुद्ध. मंजूर. डॉ. क्विलेननी हातोडी उचलली.

सहा आणि दोन आठ. मी खुर्च्या मोजल्या. ड्वेनची रिकामी. तो ट्रक गरम करायला खाली गेला होता.

माझ्या मनात काय चाललं ते इथे प्रामाणिकपणे लिहितो. बोलू नये असं क्षणभर वाटलं. मग वाटलं, ज्या बाईला नियम हवाय तिचा नियम नियम मोडून आणायचा? उद्या कोणी उकरून काढलं तर? मी उभा राहिलो आणि म्हटलं, हरकतीचा मुद्दा, कोरम नाही.

डॉ. क्विलेन माझ्याकडे बघत राहिल्या. हातोडी हवेतच. "लाइल, हे तुला नक्की म्हणायचंय?"
नक्की, म्हटलं.

मत रद्द झालं. कोरम नाही म्हणजे सभा नाही, असं म्हणत दोघांनी कोट चढवले आणि बर्फ वाढायच्या आत निघून गेले. तेवढ्यात ड्वेन आला, खांद्यावर बर्फ, हात चोळत. "काय, झालं ना पास?" आता आम्ही सातच होतो. कोणीतरी त्याला सांगितलं. तो माझ्याकडे वळून म्हणाला, "मी ट्रक गरम करून येईपर्यंत तू ठराव गार केलास होय रे!"

सगळे हसले. तत्त्वाचं हसं करणाऱ्या माणसांचा मला वीट आला आहे. दोन मफिन खाल्ले, गाडी चालवायची होती म्हणून.

१९ जानेवारी
इव्हॉनला सांगितलं: आशयानं पास झाला, औपचारिकता बाकी आहे. ती म्हणाली, "म्हणजे पास झाला, की नाही झाला?" काही लोकांना बारकावे कळत नाहीत. ती तर निबंध शिकवते.

२० फेब्रुवारी
मी, डॉ. क्विलेन आणि मफिन. बाकी कोणी नाही, साथ आहे तापाची. सुरूच न झालेली सभा तहकूब करता येते का, यावर आमची चाळीस मिनिटं चर्चा. येत नाही, हा माझा मुद्दा त्यांनी मान्य केला. उत्तम दिवस.

परत येताना जाणवलं की हा दिवस उत्तम कसा? गाडी थांबवून थोडा वेळ बसलो. मग निघालो.

१९ मार्च
डॉ. क्विलेननी बाजूला घेतलं. म्हणाल्या, "तुझा विषय बिनचर्चेच्या यादीत टाकते. एप्रिलच्या सभेत चौतीस बाबी एका झटक्यात मंजूर होतात, कोणी वाचत नाही. तू फक्त गप्प बस." तोंडावर मी आभार मानले. कोणी वाचत नाही म्हणून नियम होतात, या विचारानंच मळमळलं. म्हणून यादी घरी आणून मी स्वतः वाचली. एक तरी माणूस वाचणारा असावा.

छपाईच्या एकोणीस चुका. आणि बाब सत्तावीस, आमचीच: "पोटसमितीचा अहवाल मंजूर करणे." पण अहवाल सभेला आधी मिळालेला असल्याशिवाय सभा तो मंजूर कशी करणार? आधी प्राप्त, मग मंजूर. हे पायाभूत आहे. डॉ. क्विलेनना फोन केला आणि "अहवाल प्राप्त झाल्याची नोंद घेणे" असा बदल सुचवला. म्हणाल्या, "लाइल, तुला हे असंच हवंय?"
असंच, म्हटलं. त्यांनी सुस्कारा सोडला. वयाचा परिणाम.

१७ एप्रिल
सर्वसाधारण सभा. तीनशे माणसं, गळ्यात नावाच्या चिठ्ठ्या, ताटात रबरासारखं चिकन, त्यावर थिजलेली पांढरी ग्रेव्ही. या लोकांच्या हाती राज्यातलं शिक्षण आहे. चौतीस बाबी चाळीस सेकंदांत मंजूर. अनुमोदन कोणाचं, असं विचारलं तेव्हा मी हात वर केला.

बाहेर येऊन इव्हॉनला संदेश पाठवला: पास. तिचा लगेच फोन. रडत होती की हसत होती, कळलं नाही. "लाइल, मी डेंटिस्टला आत्ताच नाही म्हणून सांगते."

ड्वेननं पाठीवर थाप मारली. हाताला चिकनचा रस्सा होता. माफ केलं.

२१ एप्रिल
डॉ. क्विलेनचं अभिनंदनाचं पत्र. "अहवाल प्राप्त झाल्याची नोंद घेऊन विषय दप्तरी दाखल करण्यात आला आहे. समितीपुढे आता तो प्रलंबित नाही."

तीनदा वाचलं. मंजूर असा शब्द कुठेच नाही. कसा असेल? तो मीच काढला.

ड्वेनला फोन केला. पुढे कधीतरी मंजूर होईलच ना, विचारलं. तो म्हणाला, "कपाटात गेलेलं इंजिन आपणहून चालू होत नसतं. तिला आजच सांग."

२२ एप्रिल
सांगणार. पण एप्रिलच्या सभेचं इतिवृत्त सप्टेंबरच्या बैठकीत मंजूर व्हायचंय. तोवर अधिकृतपणे काय झालं हे ठरलेलंच नाही. न ठरलेली गोष्ट एखाद्याला सांगून त्याचं मन दुखावणं योग्य नव्हे.

६ जून
इव्हॉननं घरी केलेली ऱ्हुबार्बच्या देठांची गोड पाय-पेस्ट्री आणून दिली. "तुझ्यासाठी," म्हणाली. कार्लानं दोन तुकडे खाल्ले. मला गिळवेना. आंबट होती म्हणून.

कार्ला म्हणाली, "तू तिला सांगितलंस ना?" म्हटलं, मसुदा चालू आहे. या वेळी ती हसली नाही.

१४ ऑगस्ट
इव्हॉन माझ्या खोलीच्या दारात उभी राहिली, हातात ई-मेलची छापील प्रत. दोन्ही वर्ग रद्द. सत्र सोमवारी सुरू होतंय.
"तीस दिवस, लाइल. दाखव यांना तो नियम. मी त्यांना सांगितलंय की तू नियम समितीवर आहेस."

मी सांगितलं. कोरमपासून सगळं, क्रमवार. संपल्यावर ती म्हणाली, "म्हणजे एप्रिलपासून तुला माहीत होतं."
इतिवृत्त अजून मंजूर नाही, असं मी सांगायला लागलो. वाक्य पूर्ण झालं नाही. तिनं तो कागद माझ्या टेबलावर ठेवला, "घे, दप्तरी दाखल कर," म्हणाली आणि गेली.

समित्यांची घाण आयुष्यभर अंगाला चिकटून राहते. या वर्षी राजीनामा देणार. नक्की.

१२ सप्टेंबर
डॉ. क्विलेननी समितीचा उपाध्यक्ष केलं. नकार कसा द्यायचा याची पद्धत नियमात कुठेच दिलेली नाही. त्यात दुरुस्ती करायला आधी आत असायला हवं.

टपालात डेंटिस्टकडून कार्ड आलं. दात साफ करायची तारीख १२ ऑक्टोबर. बरोबर तीस दिवस आधी. खाली हातानं दोन ओळी लिहिल्या आहेत. अक्षर ओळखलं, अकरा वर्षं निबंधांच्या समासात पाहिलेलं:

"हे कार्ड प्राप्त झाल्याचं कळव. मंजूर करायची गरज नाही. — इव्हॉन"

दुपारपासून उत्तर लिहितोय. "कार्ड मिळालं" म्हणजे नुसती माहिती झाली. "मिळालं आहे" जरा कोरडं वाटतं. तिसरा मसुदा चालू आहे.