यस्टरडे असलं की हॅव नाही

सर, आज वर्ध्याला कॉलेजात पहिल्या वर्षाच्या एका मुलीने फळ्यावर लिहिलं, ‘आय हॅव सीन हिम यस्टरडे.’ वर्ग हसला. मी तिला खाली बसवलं आणि समजावलं, की काल, परवा, मागच्या वर्षी असा संपलेला वेळ वाक्यात आला की साधा भूतकाळ वापरायचा; वेळ न सांगता, झालेल्या गोष्टीचा आजशी संबंध दाखवायचा असेल तर हॅव.

रोहण्याच्या शाळेत मी नववीत असताना तुम्हीही फळ्यावर असंच वाक्य लिहिलं होतं. तुम्ही भूगोलाचे. इंग्रजीची जागा रिकामी, म्हणून तो तास तुमच्या गळ्यात पडलेला. त्या दिवशी तपासणीला आलेले साहेब मागच्या बाकावर बसलेत. मी हात वर करते, उभी राहते आणि म्हणते, “सर, यस्टरडे असलं की हॅव येत नाही.” साहेब कौतुकाने मान डोलावतात. तुम्ही तळहाताने हॅव पुसता. “बरोबर आहे, पोरी,” एवढंच म्हणता, आणि तास संपेपर्यंत आमच्याकडे तोंड करत नाही.

त्याच रविवारी सकाळी तुम्ही आमच्या घरी आलात. मी आतल्या खोलीत गव्हाच्या कोठीमागे जाऊन उभी राहिले आणि आईला खुणेने सांगितलं, नाही म्हण.

“ते त आर्वीले गेली, सर,” आई म्हणाली.

“काई नाई बाई. हे हॅव कुठी लावाव अन् कुठी नाई, ते जरा समजून घ्याचं होतं तिच्यापासून. आली का सांगजा, मी येऊन गेलतो.”

तुमच्या हातात कोरी दोनशे पानी वही होती, हे आईने नंतर सांगितलं. “मास्तर घरी येऊन पोरीले इचारून राह्यले, अन् तू काऊन लपली?”

तुम्ही पुन्हा आला नाहीत. महिन्याभरात हेडमास्तरांना सांगून इंग्रजी सोडलंत. दहावीपर्यंत तो तास कोणीच घेतला नाही. माझ्या बाकावरची मैत्रीण इंग्रजीत नापास झाली आणि घरीच बसली. तुम्ही रिटायर झाल्यावर एकदा आर्वीच्या बसस्टँडवर दिसलात, काठी टेकत चाललेले. मी एसटीच्या खिडकीतून पाहिलं आणि मान फिरवली. पुढे कधीतरी आईने फोनवर सांगितलं, तुमचे सर गेले.

हे पत्र टाकायला आता पत्ता नाही, आणि असता तरी मी टाकलं नसतं. आईला शेवटपर्यंत वाटत राहिलं, की तुमचा अपमान केल्याच्या लाजेने मी लपले. मीही तसंच वाटू दिलं. खरं म्हणजे ‘यस्टरडे असलं की हॅव येत नाही’ हे वाक्य मी गाइडमधून नुसतं पाठ केलं होतं. तुम्ही समोर बसून वही उघडली असती आणि ‘काऊन?’ म्हणून विचारलं असतं, तर मला सांगता आलं नसतं. मलाही येत नव्हतं, सर.