भरणीचा ठसा कोणाकडे राहावा

गेल्या शनिवारी संध्याकाळी पाच वाजता, चित्रप्रदर्शनाच्या दालनात, एका बाईंनी माझ्या सदऱ्याची बाही चिमटीत धरून विचारलं, "हे इथेच मिळतात का हो?" त्या क्षणी माझ्यातला नक्षी कोरणारा वारला. त्याचं हे मृत्युपत्र. मी स्वतः धडधाकट आहे, दोन वेळा जेवतो आहे, आणि पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही दबावाशिवाय हे लिहितो आहे. ताईच्या मते मी शुद्धीत कधीच नव्हतो; तिचं म्हणणं नोंदवून पुढे जातो.

खुलासा : आमच्या कापडछपाईच्या कारखान्यात रिवाज आहे, की लाकडी ठसा कोरून झाला की पहिला छाप कोरणाऱ्याच्या कपड्यावर. म्हणून माझी वेल माझ्या बाहीवर होती. समोर भिंतीवर, काचेत, तीच वेल, दाराएवढी उंच. खाली पाटी : "प्रेरणा : एक अनाम कारागीर." चित्रकर्ती ती, माझ्या कॉलेजातली. जिच्यापायी मी दोन वर्षं उसासे टाकले, ती. बाईंना म्हणाली, "नाही हो, हा आमचा कारागीर." आमचा! माझं नाव तिला तोंडपाठ आहे. शी!

कलम १. पटाशा, हातोडी आणि कोरे ठोकळे कारखान्यातल्या काकांना, ज्यांनी मला कोरायला शिकवलं. मी आता दारं-खिडक्या करणाऱ्या सुताराकडे जातो. तिथे कोणाला कशाची प्रेरणा होत नाही.

कलम २. चित्रवही कॉलेजच्या सरांना. "ही कारागिरी, कला नव्हे," असं त्यांनी तिच्यावर लाल शाईत लिहिलं, म्हणून मी दुसऱ्याच वर्षी कॉलेज सोडलं. शनिवारी तेच सर माझ्या वेलीपुढे मान डोलावत होते.

कलम ३. गिटार भाऊजींना. त्यांना वाजवता येत नाही. मलाही येत नव्हती, तरी तिला ऐकवायचो. भाऊजींचं लग्न झालंय, त्यांना धोका नाही.

कलम ४. वेलीची रेघ एका ठशाने उठते, आतला रंग दुसऱ्या, भरणीच्या ठशाने. रेघेचा ठसा तिने "बघू दे ना" म्हणत नेला तो नेलाच. भरणीचा माझ्याकडे आहे. परवा तिचा निरोप : "दुसरा पण पाठव ना, राजा, मोठं प्रदर्शन आहे." राजा म्हणे! मी तो शेगडीत घालायला निघालो.

"घाल की," काका म्हणाले. "पण वेल सुचली कुठून तुला?"

सांगावं लागलं. ब्रश धुताना ती एक चाल गुणगुणायची. सूर चढला तिथे मी वेल चढवली. ती श्वास घ्यायची तिथे एक पान गाळलं.

"तिला विचारलं होतंस?"

"गुणगुणणं काय विचारून घ्यायचं असतं, काका?"

"तीही हेच म्हणेल, बाळा."

तेव्हापासून किळस दुप्पट झाली आहे. अर्धी तिची, अर्धी माझी.

तरी ठसा जाळू नये. तो काकांकडे राहावा. पाटीवर माझं नाव घालून ती स्वतः आली, तर द्यावा. "राजा, राजा" करत आली, तर देऊ नये. काकांनी विरघळू नये. माझ्याकडून मी आज ठशाच्या पाठीवर तिचं नाव कोरलं आहे. शेवटचं अक्षर वाकडं आलंय. ते तसंच ठेवावं.

साक्षीदार :
१. शेजारचा घड्याळजी (सही, न वाचता)
२. खालच्या शिवणवाल्या मावशी (सही, दोनदा वाचून, "अरे, एकदा भेट तरी तिला!")

स्थळ : जिन्यावरची भाड्याची खोली
दिनांक : १४ नोव्हेंबर, सकाळ

भेटणार नाही, मावशी. शाई वाळली. उठतो, बाहेर पडतो, दार ओढून घेतो.