आईचा फोन पेटीत जाणार नाही

प्रिय छोट्या,

तुझं पत्र पोचलं. जाड पिवळट कागद, टाकाने लिहिलेलं, वर लाखेचा शिक्का. तो शिक्का उकलताना आईच्या नखात लाख गेली आणि दिवसभर ती बोट चोखत बसली होती. पत्र तिच्या नावाचं होतं, पण चष्मा सापडत नाही म्हणून तिने ते मला मोठ्याने वाचायला लावलं. काळ जिथे थांबला आहे अशा घरातली एक खोली तुझी वाट पाहते आहे, हे वाक्य तिने माझ्या तोंडून दोनदा वदवून घेतलं आणि दोन्ही वेळा डोळे पुसले. मी भाजी करपण्याचं निमित्त करून आत गेले. तुला बोलता येऊ लागल्यापासून तू आईला रडवत आला आहेस, आणि बाकी कशात नसेल पण त्यात तुझा हात धरणारं कुणी नाही.

तर मुद्द्याचं बोलते. आईने तुझ्याकडे कायमचं राहायला यावं, ओसरीवर बसून तुझ्याकडे पैसे भरून राहायला येणाऱ्या पाहुण्यांना इंटरनेट नव्हतं तेव्हाच्या गोष्टी सांगाव्यात, अशी तुझी इच्छा आहे. ती तयार आहे. कपाटातून बॅग काढून तिने उन्हात टाकली आहे. आणि पत्राच्या तळाशी, अगदी कोपऱ्यात, तू लिहिलं आहेस की दारातल्या लाकडी पेटीत सगळ्यांचे फोन कुलूपबंद होतात तसा तिचाही होईल, घरच्या माणसाला वेगळा नियम लावला तर पाहुण्यांच्या मनातून सगळंच उतरेल. त्या फोनसाठी मी हे लिहिते आहे. तुला फोनच केला असता, पण तू घेत नाहीस. तुझ्या मॅनेजरला मेल करता आली असती, कारण काळ थांबलेल्या त्या घराचं बुकिंग मागच्या खोलीत तो कॉम्प्युटरवरच करतो हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. पण घरचं भांडण त्याच्या हाती कशाला द्यायचं? तेव्हा घे, पत्र. शिक्का नाही, डिंकाने चिकटवलं आहे.

गेल्या हिवाळ्यात आईला घेऊन मी तुझ्याकडे आले होते तेव्हा काही बोलले नाही, ते आईकडे बघून. हॉलमध्ये काळा टेलिफोन, त्याची वायर भिंतीपर्यंत जाते आणि तिथेच संपते. टाइपरायटरला रिबन नाही. दुपारी तुझा आचारी हात धुऊन खाकी टोपी घालतो, खांद्याला झोळी लावतो आणि पोस्टमन होतो. आदल्या दिवशी पाहुण्यांनी स्वतःलाच लिहिलेली पत्रं तो त्यांना वाटतो, आणि ती मोठमोठी माणसं आपलंच पत्र छातीशी धरून गहिवरतात. मला हसू आवरेना म्हणून मी खिडकीबाहेर बघत राहिले. तुला वाटलं मी पण हळवी झाले आहे. तू माझ्या खांद्यावर हात ठेवलास. तो मी झटकला नाही याचं मला अजून वाईट वाटतं.

संध्याकाळी तुझं भाषण झालं. रांगेत माणसं माणसांना भेटत, असं तू म्हणालास. अरे शहाण्या, मी वीजबिलाच्या खिडकीच्या आतल्या बाजूला नोकरी केली. रांगेत माणसं कशी भेटतात ते मला विचार. छत्रीचं टोक लागलं म्हणून कॉलर धरताना भेटतात. दोघांच्या मधे घुसलेल्या तिसऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करताना भेटतात. एक बाई कडेवर तापाने फणफणलेलं मूल घेऊन खिडकीशी पोचली आणि मला तिला सांगावं लागलं की हे बिल इथे नाही, दुसऱ्या कचेरीत भरायचं. तिने मूल दुसऱ्या कडेवर घेतलं आणि आल्या वाटेने निघाली. तुझ्या भाषणात ती नव्हती. तू आयुष्यात एकदाही बिल भरायला रांगेत उभा राहिला नाहीस. आपलं बिल मीच भरत होते, खिडकीच्या आतून.

आणि टेलिफोन. आपल्याकडे टेलिफोन आला तेव्हा सगळी गल्ली आपल्या घरी गोळा व्हायची, हे तू पाहुण्यांना डोळे मिटून सांगितलंस. व्हायची खरी. पण त्या टेलिफोनच्या डायलला बाबांनी कुलूप घातलं होतं, ते कुठे गेलं तुझ्या गोष्टीतून? पितळेचं, सुपारीएवढं, डायलच्या भोकात अडकवलेलं. किल्ली बाबांच्या जुडग्यात आणि जुडगा बाबांच्या खिशात. बाहेरून आलेला फोन आईने घ्यायचा, आतून लावायचा नाही. मावशी त्याच शहरात राहत होती! दोन बसा बदलल्या की तिचं घर. पण आईला वर्षातून एकदोनदा जायला मिळायचं, आणि मावशीकडचा फोन खालच्या दुकानात, तिच्या सासऱ्यांच्या कोपराशी. तिने कधी केलाच तर एका बाजूला सासरे ऐकताहेत, दुसऱ्या बाजूला बाबा पेपर खाली करून बघताहेत. दोघी बहिणी काय बोलायच्या सांगू? बरी आहेस ना. हो, तू बरी ना. मुलं बरी ना. संपलं. पत्रं लिहायच्या तीही तशीच, कारण इकडचं बाबा वाचून मग टपालपेटीत टाकायचे आणि तिकडचं सासरे फोडायचे. मावशीचं पोटातलं मूल गेलं हे आईला कळलं तेव्हा मावशी पुन्हा हिंडूफिरू लागली होती. त्या महिन्यातल्या पत्रात सर्व कुशल असंच लिहिलेलं होतं. पाहुण्यांना तू जुन्या पत्रांची ऊब म्हणून सांगतोस ती हीच ना?

तुला मात्र कुलुपाची अडचण नव्हती. रिसीव्हर ठेवायची दांडी टकटक दाबून नंबर लावता येतो, हे तू कॉलेजात शिकून आलास. चार हवा तर चार टकटक, सात हवा तर सात. काय सफाई होती तुझ्या बोटांत! दुपारभर तू त्या स्कूटरवाल्या मुलीशी बोलायचास. एकदा मी अर्ध्या दिवसाची रजा घेऊन घरी आले तर आई पदराला हात पुसत तुझ्यापाशी उभी होती. सासरे गावाला गेलेत, दुकानात मावशी एकटीच आहे, तेवढा तिचा नंबर लावून दे, असं म्हणत होती. स्वतःच्या मुलाला, अजिजीने. बाबांना कळलं तर मला बोलणी बसतील, असं म्हणून तू पाठ फिरवलीस. ती स्वयंपाकघरात गेली आणि तू पुन्हा टकटक सुरू केलीस. बाबांचं मी समजू शकते, ते कंजूष होते आणि संशयी होते आणि ते त्यांनी कधी लपवलं नाही. तू त्या कुलुपाला जुन्या काळाचा गोडवा म्हणून विकतोस. तुझ्या दारातली ती पेटी पाहिली तेव्हाच मला ते कुलूप आठवलं. फरक इतकाच की बाबांनी त्याला पॉलिश केलं नव्हतं.

आता आईचा फोन म्हणजे काय ते ऐक. मावशी मुलाकडे गेली, समुद्रापार, त्यालाही बरीच वर्षं झाली. माझ्या मुलीने आईला फोन घेऊन दिला, चित्र दिसणारा, आणि कसा लावायचा ते शिकवलं. पहिल्या दिवशी आईने दार आतून लावून घेतलं. मी बाहेर उभी. आत दोघी म्हाताऱ्या आधी रडल्या, मग हसल्या, मग कुणाच्या तरी नावाने बोटं मोडली, मग पुन्हा हसल्या. आईला असं खिदळताना मी जन्मात ऐकलं नव्हतं. तेव्हापासून रोज फोन चहाच्या डब्याला टेकवून ठेवायचा, इकडे आई मटार सोलणार, तिकडे मावशी काहीतरी निवडणार. कुणाची परवानगी नाही, कुणी ऐकत नाही. छोट्या, साऱ्या आयुष्यात आईच्या मालकीची ही एकच गोष्ट झाली. तुझ्या पाहुण्यांना माणसांचा वीट आला म्हणून ते फोन पेटीत टाकतात. तिला माणूसच आत्ता मिळालं आहे.

तुला हे सगळं ठाऊक नाही असं नाही, अर्धंमुर्धं ठाऊक असेल. जे ठाऊक नाही तेवढं आता लिहिते. उन्हाळ्यात मावशीला बरं नाही असा निरोप मी तुझ्या मॅनेजरकडे दिला, तर तू तिला शाईचं चार पानी सुंदर पत्र पाठवलंस. तिला ते वाचता आलं नाही. तिला अर्धांगाचा झटका आला आहे, वाचा गेली आहे, वाचून दाखवलेलं किती पोचतं कुणास ठाऊक. सुनेच्या हातून घास घेत नाही, मुलाच्या हातून घेत नाही. फक्त आई समोर ताट घेऊन बसली, दिसली, की ती तोंड उघडते. आई एक घास खाते, मग ती एक खाते. बोलणं काही नाही. तिकडची संध्याकाळ म्हणजे इकडची पहाट, म्हणून आई पहाटे उठून जेवते आणि तिला ते सोसत नाही. हे तुला सांगायचं नाही अशी तिने मला शपथ घातली आहे. मुलाने इतक्या वर्षांनी हौसेने बोलावलं आहे, त्याच्या घरचे नियम माझ्यामुळे मोडायला नकोत, म्हणाली. फोन तिने मला देऊन टाकला आणि तिच्या जागी मला बसायला सांगितलं. मी बसले. तिचीच साडी नेसून, तिच्याच खुर्चीत, ताट घेऊन, तीन दिवस. मावशी तीनही दिवस माझ्याकडे बघत राहिली, पण तोंड तिने उघडलं नाही. आई दाराआडून बघत होती. चौथ्या दिवशी मला उठवून तीच खुर्चीत बसली. पण उन्हातली बॅग तिने आत आणलेली नाही. म्हणून हे पत्र. तुझ्या घरात तिच्या खोलीत इंटरनेट येईल आणि फोन तिच्या उशाशी राहील, असं असेल तर रविवारी मी तिला आणून सोडते. पाहुण्यांना काय सांगायचं ते तू बघ, गोष्टी रचायला तुला शिकवायला नको. जमत नसेल तर येऊ नकोस असं तिला तूच कळव, माझ्यावर ढकलू नकोस. आणि एवढं एक पत्राने कळवू नकोस. फोन कर.

तुझीच,
ताई