प्रार्थनेतली गाळलेली ओळ

मी, बिरजू मासा पुंगाटी, वय चौसष्ट, धंदा शेती आणि ख्रिस्ती मंडळीत वचन सांगणे, राहणार कोसरटोला, तालुका एटापल्ली, जिल्हा गडचिरोली, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे, कोणाचा दाब नाही. छातीचे दुखणे वाढले आहे, आणि डॉक्टर गोड बोलू लागले म्हणजे माणसाने कागद करून ठेवावेत.

१. घर, भांडी व बैलजोडी मुलगी रंजीता हिला. पांढरा बैल मारका आहे. विकताना ही गोष्ट लपवू नये.

२. नाल्याकडची धानाची बांधीही रंजीताचीच, पण एका अटीवर. बांधीच्या वरच्या कोपऱ्यात मला माती द्यावी, आणि पुढे टोल्यातल्या कोणालाही, तो कोणत्याही देवाचा असो, तिथे जागा नाकारू नये.

अट का, ते लिहिणे भाग आहे. २००३ साली माझी पत्नी सोमारी काविळीने वारली, तेव्हा माझा सख्खा धाकटा भाऊ डोमा मसणवटीच्या वाटेवर काठी आडवी धरून उभा राहिला. "तुमी आपले देव सोडले, आता आमची माती काऊन मांगता?" म्हणाला. त्याच डोमाला तो तापाने पडला असता सोमारीने महिनाभर पेज पाजली होती. आम्ही चौघांनी तिला खाटेवर घालून नदीपलीकडे नेले. नेमकी जागा आता मलाही दाखवता येत नाही, पुराने काठ खाल्ला.

३. माझे पवित्र शास्त्र रंजीताला, आणि त्याबरोबर एक काम. हे कलम तिने रविवारी मंडळीपुढे मोठ्याने वाचावे.

मंडळीत मराठी वाचणारा मी एकटाच होतो. मी मराठीत वाचायचो, आमच्या माडिया बोलीत सांगायचो, लोक ऐकून पाठ करायचे. सोमारीला पुरून आल्यावर त्याच आठवड्यात मी प्रभूने शिकवलेली प्रार्थना सांगायला बसलो. आमचे वाईट करणाऱ्यांना आम्ही क्षमा केली तशी तू आम्हाला कर, या ओळीपाशी जीभ उचलेना. "आम्हाला क्षमा कर" एवढेच सांगून मी पुढे गेलो. वाटले, पुढच्या रविवारी सांगू. एकवीस वर्षे झाली. तेव्हा सहा घरे होती, आज एकतीस आहेत, आणि लहान लेकरेसुद्धा माझी कापलेली प्रार्थना डोळे मिटून म्हणतात.

रंजीता बारावी करून आली तेव्हा तिने बोट ठेवले. "बाबा, इथी अर्धी ओळ जास्त हाय." मी म्हणालो, ती माडियात बसत नाही. पोरीने शास्त्र मिटून ठेवले. ओळ माडियात चांगली बसते.

गेल्या मे महिन्यात वरच्या टोल्याची, म्हणजे डोमाकडची, बोअरिंग आटली. त्यांच्या बाया आमच्या बोअरिंगवर आल्या, तर आमच्या लोकांनी दांड्याला साखळी घातली. मंडळीतला जुना माणूस वारलू मला विचारायला आला. "बिरजू भाऊ, त्याईनं आपल्या बाईले माती देली नाई. मंग आपुन पाणी नाई देलं, तं वचनात चालते का?" मी म्हणालो, "वचनात बोअरिंगचं काई लिवलं नाई." त्याला ते पटले, कारण मी कधी खोटे सांगत नाही असा त्याचा समज. बायांनी नाल्यात खड्डे खणून पाणी भरले. डोमाची नात हगवणीने पडली, तिला हेमलकशाच्या दवाखान्यात न्यावे लागले. ती वाचली, त्यात माझा काही हात नाही.

वचनात भर घालू नये, वचनातून काढू नये, हे मीच शिकवले. दुसऱ्यांच्या पूजेत खोट काढताना माझा आवाज फार चढत असे. रंजीताने पूर्ण प्रार्थना शिकवावी, आणि लोक चिडले तर माझ्यावर चिडू द्यावे. मला लाज वाटते.

४. डोमाला मी काहीही देत नाही. यात राग नाही. ज्याला मृत्युपत्रातून मिळते त्याने साक्षीदार होऊ नये, असे एटापल्लीचे अर्जनवीस नागसेन यांनी सांगितले. मला डोमाची साक्ष हवी आहे. माझ्या पापाची झळ त्याच्याच घराला लागली.

५. ~~मी डोमाला मनापासून क्षमा केली आहे.~~ ~~मी डोमाला क्षमा केली आहे.~~ दोन्ही ओळी मीच लिहिल्या आणि मीच खोडल्या, खोडाखोडीशेजारी सही आहे. अजून ते खरे नाही. काठी डोळ्यांपुढून हलत नाही. रोज मागतो आहे. मरण्याआधी झाले तर कागद बदलीन.

हा माझा पहिला आणि सध्या तरी शेवटचा कागद.

बिरजू मासा पुंगाटी (सही)
कोसरटोला, ११ सप्टेंबर २०२४

साक्षीदार:
१. वारलू (सही)
२. डोमा मासा पुंगाटी (डाव्या हाताचा अंगठा)

टीप: साक्षीदार क्रमांक दोन यांना वाचता येत नसल्याने, लिहून देणाऱ्याच्या सांगण्यावरून सर्व मजकूर त्यांना वाचून दाखवला. ऐकून झाल्यावर ते म्हणाले, "खोडलेलं बी वाच." तेही वाचून दाखवले. त्यानंतर त्यांनी अंगठा दिला.
— नागसेन, अर्जनवीस