दुसरी शिफारस

कसबा बावडा,
१७ डिसेंबर २०२४

ती. आबांस,
तेजस्वीचा शि. सा. न. वि. वि.

फोन कानाला लावला की तुमच्या ऐकायच्या मशिनीत नुसती शिट्टी वाजते, म्हणून नेसरीला पत्रच लिहिते आहे. बातमी गोड नाही आणि कडूही नाही. बंगळूरकडच्या त्या कॉलेजानं मला घेतलं नाही, नाकारलंही नाही. निर्णय मार्चपर्यंत राखून ठेवलाय. लवकर अर्ज केला की लवकर उत्तर येतं, असं मी सगळ्यांना सांगत सुटले होते. आता तोंड लपवत फिरते.

बाबा शाहूपुरीतल्या दुकानातून आले, मेल वाचली आणि म्हणाले की इथंच बीसीएला नाव घालू, घरचा डबा तरी मिळेल. आई म्हणते, मार्चपर्यंत गप्प बसावं. मला तर इतिहास, गणित आणि प्राणिशास्त्र एकाच कॉलेजात शिकायचंय, आणि त्यातलं शेवटी काय धरायचं ते दोन वर्षांनी ठरवायचंय. अशी आणखी तीन कॉलेजं सापडली आहेत. मुदत पंधरा जानेवारीची. पण एकावर जीव जडला की दुसऱ्याकडे बघवत नाही. आणि अर्ज केले नाहीत नि मार्चमध्ये नकार आला, तर बीसीए ठरलेलं.

तुम्ही एका म्हशीसाठी चार गावं हिंडता. कॉलेज कसं पारखायचं तेवढं सांगा. लोभ आहेच, या खेपेला सल्लाही असावा.

आपली नात,
तेजस्वी

---

नेसरी,
२१ डिसेंबर २०२४

चि. तेजस्वी हीस अ. उ. आ.

पत्र दोनदा वाचलं. म्हैस मी बाजारात कधीच घेत नाही. तिथं शिंगांना तेल लावून आणतात. मी मालकाच्या गोठ्यावर जातो, धारेच्या वेळी, न सांगता. तुझ्या कॉलेजांचे फोटोही तेल लावलेलेच असणार. तेव्हा तिथं शिकणारी पोरं गाठ. पहिल्या वर्षाला कोण शिकवतं, मुरलेला माणूस की काल आलेला? घेतलेला विषय नाही जमला तर सोडता येतो का? पोर आजारी पडलं तर कोण बघतं? आणि उत्तर देताना जो अडखळतो, त्याचं जास्त ऐक. मलाही एक समजून घ्यायचंय. तीन विषय एका डोक्यात घालून ही पोरं पुढं करतात काय? कळव.

आता जे सांगतो त्यावर रागावशील. नोव्हेंबरात मी कारखान्याचे माजी संचालक अमरसिंह यांच्याकडून शिफारसपत्र आणलं. लेटरहेडवर, सही-शिक्क्यानिशी. सदर विद्यार्थिनी आमच्या जुन्या कार्यकर्त्याची नात असून प्राधान्याने विचार व्हावा, असं. ते रजिस्टरनं कॉलेजला धाडलं. आपल्याकडे दाखला असो की दवाखान्यातली खाट, असंच चालत आलंय. तुझं पत्र वाचल्यापासून वाटतंय, त्यामुळंच तर अडलं नसेल? तसं असेल तर सरळ सांग.

म्हाताऱ्यावरची माया आटवू नकोस.

आबा

---

कसबा बावडा,
३० डिसेंबर २०२४

ती. आबांस,
शि. सा. न. वि. वि. (राग आहे, तरी नमस्कार पुरा.)

चार दिवस लिहिलं नाही, कारण लिहिलं असतं ते तुम्हाला वाचून सोसलं नसतं. माझी दोन वर्षांची मेहनत तुम्ही एका शिक्क्याखाली घातलीत, असंच वाटलं. रडले पण. शेवटी कॉलेजलाच विचारलं. दोन ओळींचं उत्तर आलं की असली पत्रं आम्ही अर्जाला जोडत नाही, निर्णयाशी त्याचा संबंध नाही. म्हणजे तुम्ही सुटलात. मग अडलं कुठं? माझा निबंध काढून वाचला. ‘ग्रामीण महिलांचे सक्षमीकरण.’ पंधरा ऑगस्टचं भाषण नुसतं. त्यात मी कुठंच नव्हते.

मग तुमचे प्रश्न घेऊन फोनवर बसले. पहिल्या कॉलेजातला मुलगा पाठ केल्यासारखा धडाधडा बोलला. दुसऱ्यात विषय बदलला की वर्ष जातं. तिसरं पुण्याच्या पुढचं, लहानसं, फारसं कुणाला माहीत नसलेलं. तिथं गडहिंग्लजची पूर्णिमा आहे. ती बरीच अडखळली. पाणी अधूनमधून जातं, लायब्ररी छोटी आहे म्हणाली. पण जुने प्राध्यापकच पहिल्या वर्षाला शिकवतात, आणि तिला ताप आला तेव्हा तिच्या बाई डबा घेऊन खोलीवर आल्या. तुमच्या प्रश्नाचं उत्तरही तिच्याकडेच मिळालं. गणित आणि इतिहास एकत्र घेऊन ती जुन्या नकाशांतली अंतरं का चुकली ते शोधते आहे. हे ऐकल्यापासून मला दुसरं काही सुचत नाही.

हे कॉलेज अर्जासोबत एक पत्र मागतं, शिक्षक नसलेल्या पण मुलाला नीट ओळखणाऱ्या माणसाचं. आबा, ते तुम्ही लिहा. मराठीत लिहा, इंग्रजी मी करते. अट एकच. कोण कुणाची नात, ते नको. डोळ्यांनी पाहिलंय तेवढंच.

राग उतरत आलाय. माया हलली नव्हती.

तेजस्वी

---

नेसरी,
४ जानेवारी २०२५

प्रवेश समितीस,
सा. न. वि. वि.

मी सातवी शिकलेला शेतकरी. तेजस्वी अकरा वर्षांची असताना सुट्टीला इथं आली होती. आमच्या दुधाला डेअरीत सकाळी फॅट चांगली लागे, संध्याकाळी कमी. तिनं एकवीस दिवस दोन्ही वेळचे आकडे वहीत लिहिले आणि यंत्रच खोटं म्हणून डेअरीचे सेक्रेटरी जोतीराम यांच्याशी चारचौघांत भांडली. मग गोठ्यात येऊन बसू लागली. तेव्हा तिच्या लक्षात आलं की सकाळी मी धार पुरी काढतो आणि संध्याकाळी शेवटची धार रेडकाला सोडतो. शेवटच्या दुधात फॅट जास्त असते. खोट यंत्रात नव्हती, माझ्या सवयीत होती. पन्नास वर्षं म्हशी राखल्या, पण हे मला कुणी दाखवलं नव्हतं.

तिच्यात दोष आहेत. पाठांतर कच्चं आहे. चूक कळली तरी कबूल करायला तिला चार दिवस लागतात. पाचव्या दिवशी ती एकटी डेअरीत गेली आणि जोतीरामांची माफी मागून आली. तिला कुणी पाठवलं नव्हतं.

एवढं मी पाहिलं आहे. न पाहिलेलं लिहीत नाही.

आकाराम

---

कसबा बावडा,
२० मार्च २०२५

ती. आबांस,
शि. सा. न. वि. वि.

आधी कबुली देते. इंग्रजी करताना तुमची दोषांची ओळ मी गाळली होती. पाठवायच्या आधी वाटलं, हाही शिक्काच झाला की. परत घातली. मुलाखतीत त्यांनी अर्धा तास म्हशीचंच विचारलं, आणि ते चार दिवस मी काय करत होते, तेही.

त्यांनी मला घेतलं. गंमत म्हणजे त्याच आठवड्यात बंगळूरचाही होकार आला. बाबा लगेच मोठ्या नावाकडे झुकले. मी त्यांना धरून पुण्याच्या पुढं नेलं, संध्याकाळी, न सांगता. मेसमध्ये दोन मुली आणि एक पिकल्या केसांचे सर कशावरून तरी वाद घालत होते, आणि सर हरत होते. बाबा बराच वेळ बघत राहिले. परतीच्या गाडीत एवढंच म्हणाले, “हितं चुकलीस तरी कोण हाकलायचं न्हाय तुला.”

बंगळूरला नकार कळवला. जुलैत निघेन. त्याआधी नेसरीला येते. आशीर्वाद असू द्या.

तेजस्वी

---

नेसरी,
२५ मार्च २०२५

चि. तेजस्वी हीस अ. उ. आ.

फार आनंद झाला. तू कबुली दिलीस, तर माझीही घे. मला तू कोल्हापुरातच हवी होतीस. बीसीएला गेली असतीस तर महिन्यातून दोनदा तरी इकडं आली असतीस. लेटरहेड धाडलं तेव्हा तू खरंच जाशील असं वाटलं नव्हतं, आणि निर्णय अडला तेव्हा आतून बरं वाटलं. लिहितानाही लाज वाटते.

खरं लिहिलं तर तू जाणार, हे जानेवारीत मला ठाऊक होतं. पाकीट पेटीत टाकायला पाय उठेनात, म्हणून दारात आलेल्या पोस्टमनच्या हातात दिलं. त्याला बजावलं की मी परत मागितलं तरी द्यायचं नाही.

मी वेशीपर्यंत त्याच्या मागं गेलो, पोरी. मागितलंही. त्यानं दिलं नाही.

सुखानं जा.

आबा