भाड्याच्या अंगणातलं अर्थिंग

बाबा, आज रविवार, अमावास्या. दुपारचे पावणेचार झालेत. घरमालकांच्या अंगणात बुजवलेल्या खड्ड्यावर पाणी ओतून मी आत्ताच खोलीत आलोय. तुम्ही गेलात तेव्हा मी नववीत होतो. इतक्या वर्षांत तुमच्याशी बोलावंसं वाटलं नाही, आणि आजही मायेनं लिहीत नाही. आई आणि मी अजून त्याच दोन खोल्यांत भाड्यानं राहतो. यात तुमचं कर्तृत्व मोठं आहे.

मी परभणीत विजेवरची रिक्षा चालवतो. घरी चार्जिंग नव्हतं, म्हणून ऐन गर्दीच्या वेळी स्टेशनवरची भाडी सोडून गावाबाहेर रांगेत बसावं लागायचं. हप्ते थकले. आणखी एक चुकला तर गाडी ओढून नेऊ, असं फायनान्सवाला दारात येऊन सांगून गेला. शेवटी घरमालकांना विचारून स्वतःच्या खर्चानं चार्जर बसवला, तर त्याचा लाल दिवाच जाईना. वायरमन म्हणाला, "घराला अर्थिंगच न्हाई. खड्डा घ्यावा लागतो." अमावास्येला कुणी नवं काम काढत नाही, त्यामुळे आज तो मोकळा होता. मला ते सोयीचं वाटलं. अमावास्या तुम्ही पाळायचात, न पाळायला मला एवढं कारण पुरतं.

तुम्ही काय काय पाळलंत याची मला आठवण आहे. मी सहावीत आहे, शाळेत प्रमाणपत्र मिळालंय, ते लावायला मी भिंतीत खिळा ठोकतो. तुम्ही तो उपटता, भोकात दंतमंजन कालवून भरता आणि माझा दंड धरून मला मालकांपुढे उभं करता. "पोरगं हाय मालक, चुकलं." मालकांना खिळ्याचा पत्ताही नव्हता. ते पेपरातून मान वर न करता "बरं बरं" म्हणाले, आणि तुम्ही असे हसलात की जणू प्रमाणपत्र तुम्हालाच मिळालं. त्या हसण्याची मला अजून किळस येते.

आज वायरमननं खड्ड्यात तांब्याची पट्टी उभी केली, आणि आम्ही दोघं भोवती एक थर कोळसा, एक थर मीठ असं भरत होतो. तेवढ्यात मालकीणकाकू कपडे वाळत घालायला आल्या.

"काय पुरायलास रे?"

"अर्थिंग आहे, काकू."

"मीठ? कोळसा? आन् आमावशेला? अहो, इकडं या. ह्यानं आपल्या दारात करणी मांडली."

शेजारचा भिंतीवरून डोकावून म्हणाला, "लिंबू राहिलं का रे?"

वायरमन हसला. "काकू, मिठानं ओल धरती. करंट जमिनीत जातो."

"करंट जातो म्हणं. आमच्या घरातलं काय काय जायचंय, ते सांग आधी."

काका बाहेर आले. शिकलेला, पेन्शन खाणारा माणूस. खड्ड्यात डोकावला आणि झटकन मागं सरला. "उकर ते सगळं," ते म्हणाले, "आन् चार्जर बी काढ. मला भाडेकरू लय मिळतील." मी फावडं धरून उभा. चार्जर गेला की गाडी गेली, एवढंच डोक्यात. मग ते माझ्याकडं बघत राहिले आणि काकूंना म्हणाले, "थांब गं. ह्याच्या बापानं इथं अकरा वर्षं काढली. कधी नजर वर केली न्हाई. त्याचं लेकरू करणी करायचं न्हाई."

"ते खरंय," काकू म्हणाल्या. "लय गरीब होता बिचारा."

"बुजव," काका म्हणाले.

नजर वर न करणं हा काही गुण नाही, ती नुसती भीती होती, आणि मी तसा नाही, हे मला तिथल्या तिथं सांगायचं होतं. वाक्य तयार होतं. मी म्हणालो, "त्यांचाच मुलगा आहे, काका." आणि फावडं चालवायला लागलो.

गाडी आता चार्ज होतेय. पण वायरमन "दाब बटन" म्हणाला तेव्हा मी ते दाबलं नाही. चपला काढून मालकांच्या दारात गेलो आणि विचारलं, "काका, चालू करू का?" असं विचार म्हणून मला कुणीही सांगितलं नव्हतं. आईला हे सांगितलं नाही, आणि हा कागदही तिच्या हाती लागू देणार नाही.